गुडघ्यावरची चार बोटे

तीर्थस्वरूप काकांस,
सादर प्रणाम.

या हंगामासाठी तुम्ही अमेरिकेतल्या आपल्या इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांची तिकिटे घेतली नाहीत आणि मुलीकडे कायमचे राहायला गेलात, हे मला गेल्या आठवड्यात कळले. निरोपही घेता आला नाही, याची हुरहुर जात नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

२ सप्टेंबर २०२३ रोजी मेमोरियल स्टेडियमवर ओहायो स्टेटविरुद्धचा सामना होता आणि आम्हाला विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनला येऊन जेमतेम महिना झाला होता. शाळेत सगळी मुले फुटबॉलवरच बोलतात आणि मला त्यातले काही कळत नाही, असे सांगून माझा अकरा वर्षांचा मुलगा रडला होता. हा खेळ समजावून द्या, असे मी कचेरीत दोघा-तिघांना विनवून पाहिले होते. एकाने ‘बघत राहा, कळेल’ म्हणून पाठ फिरवली, तर दुसऱ्याने ‘या हरणाऱ्या संघासाठी कशाला डोके शिणवता’ असे हसत म्हटले. खेळ न कळण्यापेक्षा ते हसणे मला अधिक लागले होते.

त्या दिवशी मी मुलाला मराठीत विचारले, ‘अरे, आता का थांबले?’ तुम्ही शेजारच्या जागेवर होतात. तुम्ही आमचे गाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही. उजवा हात गुडघ्यावर ठेवून एक बोट उघडलेत आणि ‘चार प्रयत्नांत दहा यार्ड’ एवढेच म्हणालात. त्यानंतर प्रत्येक खेळीआधी त्या गुडघ्यावर एक, दोन, तीन, चार अशी बोटे उघडत गेली आणि संघाने दहा यार्ड कापले की पुन्हा एकच बोट उरे. तुमची नजर मैदानावरून एकदाही हलली नाही. चौथा प्रयत्नही फसला तर चेंडू तिथेच समोरच्या संघाला मिळतो, म्हणून चौथ्या बोटावर तो लाथेने लांब धाडतात, हे विचारायच्या आधीच मला उमगू लागले. आपण २३–३ असे हरलो, पण सामना संपेपर्यंत तुम्ही तो हात आवरला नाहीत, आणि इथे कोणी कोणाला शिकवत आहे हे रांगेतल्या कोणाच्याही लक्षात आले नाही. माझ्या मुलासमोर माझे अज्ञान तुम्ही झाकलेत, काका. सत्तरच्या दशकात तुम्ही इथे शिकायला आलात तेव्हा तुम्हाला कोणीच काही सांगितले नव्हते, हे पुढे कधीतरी ओघात तुमच्याकडून कळले. स्वतः सोसलेले दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून मुकाट्याने हात पुढे करणारी माणसे थोडी असतात. सोसले तसेच दुसऱ्यानेही सोसावे, असे म्हणणारी मी जास्त पाहिली आहेत.

त्या वर्षी आपण तीन सामने जिंकलो आणि नऊ हरलो. नोव्हेंबरात मिशिगन स्टेटने २४–२१ असे हरवले, तेव्हा थंडीत शेवटपर्यंत कोण बसले होते हे मला ठाऊक आहे. तेव्हा हसणारे आता आपल्या संघाचे किरमिजी सदरे घालून येतात. मग प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले. २०२४ मध्ये अकरा विजय झाले आणि शेजारच्या पर्ड्यू विद्यापीठाला ६६–० असे हरवून ओल्ड ओकन बकेट, म्हणजे या दोन संघांच्या लढतीतली मानाची बादली, घरी आली, तेव्हा तुम्ही डोळे पुसत होतात. १९९१ नंतर एकही बाउल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, न जिंकलेल्या आपल्या संघाने १ जानेवारी २०२६ रोजी रोझ बाउलमध्ये अलाबामाला ३८–३ असे हरवले, त्या रात्री मला सर्वांत आधी तुमचीच आठवण आली.

आणि १९ जानेवारीची ती अंतिम लढत! मायामीविरुद्ध शेवटच्या सत्रात, चौथ्या प्रयत्नावर, फील्ड गोलसाठी, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून धाडून तीन गुण मिळवण्यासाठी, मैदानात उतरलेल्या खेळाडूंना सिग्नेटींनी परत बोलावले आणि एरवी चेंडू फेकून चाल रचणारा आपला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन बारा यार्ड धावत, धक्के खात मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, टचडाउनपर्यंत पोहोचला. त्या खेळीआधी घरच्या सोफ्यावर माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला होता आणि चारही बोटे उघडली होती. मी वळून पाहिले, तर मुलाचीही तशीच. सामना २७–२१ असा जिंकून, सोळापैकी सोळा सामने जिंकून आपण राष्ट्रीय विजेते झालो, पण मला त्या रात्रीतून आधी आठवतात ती आमची आठ बोटे.

आता मेंडोझा संघात नाही. नव्या क्वार्टरबॅकचे कसे होईल, या काळजीने मुलगा रोज काहीतरी वाचून दाखवतो आणि मीही त्याच्याशी हिरिरीने वाद घालते. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात हे बोलणे शक्यच नव्हते.

यंदा बकेटची लढत पुन्हा ब्लूमिंग्टनलाच आहे. आम्ही तीन तिकिटे घेणार आहोत. पायऱ्या कमी चढाव्या लागतील अशी जागा पाहू आणि न्यायला गाडी घेऊन मी स्वतः येईन. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची,
रांगेतली शेजारीण