ओल्ड वॉर्डनला जाताय? वारा पडेपर्यंत थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहालय आहे. तिथली जुनी विमानं नुसती मांडून ठेवलेली नाहीत, ती उडतात. पण ‘सगळ्यात जुनं विमान उडवलंच नाही’ असं म्हणत हिरमुसून परतणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

ते विमान म्हणजे १९०९ सालचं ब्लेरियो-११. तीन सिलिंडरचं अँझानी इंजिन, ताकद जेमतेम २५ अश्वशक्ती. त्याला एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) नाहीत, तोल सावरायला तारा ओढून पंखच पिळावे लागतात. झुळकेनं एक पंख उचलला गेला, तर तो खाली आणण्याइतका जोर त्या पिळात नसतो. म्हणून वारा पुरता पडल्यावर, बहुधा कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, ते धावपट्टीच्या सरळ रेषेत थोडंसं उचलतात. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, काठीला लोंबत असेल तरच आशा धरा आणि संध्याकाळची गाडी उशिराची ठेवा.

तोवर सॉपविथ पप चुकवू नका. पहिल्या महायुद्धातल्या या विमानाचं ८० अश्वशक्तीचं ल रोन इंजिन रोटरी आहे. म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मधला दांडा) विमानाला पक्का, आणि नऊही सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरतात! उड्डाणाआधी जवळून पाहता आलं तर सिलिंडरांकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या जरूर पाहा. पेट्रोलमिश्रित हवा क्रँककेसमधूनच, म्हणजे त्या दांड्याभोवतीच्या पेटीतूनच, जाते. वंगणाचं साधं तेल तिथे पेट्रोलनं पातळ होईल, म्हणून एरंडेल वापरतात. ते परत टाकीत येत नाही, बाहेर फेकलं जातं. विमानाच्या पोटावरचा तेलकट थर ही गळती नव्हे, आणि तो जळका गोडसर वास एकदा घेतला की विसरत नाही.

उतरताना इंजिन अडखळतं, तेव्हा लोक धास्तावतात. वेग कमी करण्यासाठी पायलट बटण दाबून ठिणगी तोडत असतो. मात्र पेट्रोल वाहतच राहतं. बटण जास्त वेळ दाबलं तर न जळलेलं पेट्रोल इंजिनाच्या आवरणात साचतं आणि पुन्हा ठिणगी पडताच भडकू शकतं. जमिनीवर ब्रेकही नाहीत, शेपटीखाली नुसती दांडी. म्हणून विमान टेकलं की नजर हटवू नका: मदतनीस धावत जाऊन पंखांची टोकं धरतात.

ही उड्डाणं ठरावीक दिवशीच असतात, इतर दिवशी फक्त हँगर पाहता येतात. तारीख बघूनच तिकीट काढावं.

आपले,
जुन्या विमानांचे अभ्यासक