कोपरीच्या मेकॅनिक दादांना, मनापासून

दादा, नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही हात पुसत लगेच पुढच्या गाडीकडे वळलात आणि माझं बोलायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

बाबांची एमएच ०४ पासिंगची जुनी पेट्रोल गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. इंजिन तापलं की त्रास सुरू. मागून काळा धूर, सिग्नलला थरथर, पेट्रोलचा वास. मिक्श्चर रिच होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, एवढं सगळेच सांगत होते, पण का होतंय ते शोधायची कुणाची तयारी नव्हती. एका चकचकीत वर्कशॉपने धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ केले, प्लग नवे घातले. तेही पुन्हा काजळीने काळे. शेवटी तिथला सुपरवायझर बाबांकडे न बघता मला म्हणाला, "भंगारात काढायला सांगा काकांना." बाबा शेजारीच उभे होते. वागळे इस्टेटमध्ये उभं आयुष्य लेथवर काढलेला माणूस! त्या रात्री ते धड जेवलेही नाहीत. मला त्याचा राग अजून आहे.

तुम्ही प्रश्न विचारलेत ते बाबांना. गार असताना कशी चालते, तापल्यावर काय होतं. मग स्कॅनर लावलात. बोनेटला हात लावला तर चटका बसत होता आणि स्क्रीनवर इंजिनाचं तापमान दहा अंश! इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणारा कूलंट सेन्सर खोटं सांगत होता. इंजिन गार आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहिला, आणि गार इंजिनात तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही. मग नव्या ऑक्सिजन सेन्सरने फरक कसा पडणार?

दोष तुम्हाला तिथेच कळला होता. तरी तुम्ही कूलंट सेन्सर काढलात, टपरीवरून उकळतं पाणी मागवून त्यात बुडवलात आणि मीटरच्या पिना बाबांच्या हातात दिल्यात. "काका, आकडा तुम्ही वाचा." गरम पाण्यात रेझिस्टन्स हजारो ओहमवरून दोन-तीनशेवर उतरायला हवा होता. बाबांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हलतच नाहीये." "बरोबर पकडलंत," तुम्ही म्हणालात.

दादा, त्या क्षणी बाबांचा चेहरा मी पाहिला. बिल आधीच्या पावत्यांपुढे किरकोळ होतं, त्याचेही आभार आहेतच, पण हे पत्र त्या पिनांसाठी आहे. हुशार मिस्त्री ठाण्यात पुष्कळ असतील. समोरच्या म्हाताऱ्या माणसालाही यंत्रातलं कळतं, असं धरून बोलणारे फार थोडे भेटतात. तुमच्या हातात कसब आहे आणि माणुसकीही आहे.

पीयूसी पास झाली. परवा बाबा स्वतः गाडी चालवत येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले.

गरम पाणी आणायला धावलेल्या तुमच्या हाताखालच्या पोरालाही आमचे आभार सांगा.

आपला,
पाचपाखाडीचा एक ग्राहक