मेस्त्री मामांना, तिसऱ्या गेटवरच्या त्या दुपारबद्दल

मेस्त्री मामा, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुम्ही मराठी झरझर बोलता, पण वाचायला तुम्हाला कन्नडच सोपं पडतं हे ठाऊक आहे. सूनबाईंना सांगून ठेवलंय, त्या वाचून दाखवतील. आणि असं चारचौघांत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेणार काय अक्का?" म्हणून विषय मोडता. गेल्या खंडेनवमीला तुम्ही गॅरेजातल्या पान्यांची शेवटची पूजा केलीत, शटर ओढलंत आणि माझ्या गाडीची वही माझ्या हातात दिलीत. त्या दिवशीही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आपली गाठ पडली ती 2017 च्या मे महिन्यात. बेळगावच्या शहापुरातनं जेवणाचे बेचाळीस डबे भरून मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीकडे निघाले होते. तिसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलेलं, गाड्यांची रांग लागलेली, वर ऊन. माझी ओम्नी 2009 ची, मी 2014 साली सेकंडहँड घेतलेली. ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे वाफ निघाली ती थेट माझ्या पायांपाशी. मी घाबरून उतरले आणि फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला. शेजारच्या स्कूटरवरनं तुम्ही ओरडलात, "अक्का, ब्याड! हात लावू नका!" आत पाणी दाबाखाली उकळत असतं, झाकण सैल झालं की ते तोंडावरच उडतं, हे मला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मामा, माझा चेहरा आणि हात आज धड आहेत ते त्या एका हाकेमुळे.

पुढचं तर तुम्ही विसरूनही गेला असाल. तुम्ही ओळखीची रिक्षा थांबवलीत, बेचाळीसच्या बेचाळीस डबे तिच्यात चढवलेत आणि तुमच्या पोऱ्याला सोबत दिलंत. फाउंड्रीतली माणसं भट्टीपुढनं जेवायला उठतात, त्यांना अर्ध्या तासाचीच सुट्टी. एकाचाही डबा चुकला नाही. माझा धंदा तेव्हा जेमतेम तिसऱ्या वर्षात होता. त्या दिवशी बेचाळीस माणसं उपाशी राहिली असती तर दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी तरी दुसरी खानावळ धरली असती.

त्याच्या आधी महिनाभर मी गाडी दुसऱ्या एका गॅरेजात दाखवली होती. त्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकला, "इकडच्या उन्हात त्याची गरज नाही" म्हणाले, आणि बोअरचं पाणी भरून दिलं. गाडी परत तापली तर इंजिनच उतरवायला लागेल, अठ्ठावीस हजार तयार ठेवा, असंही सांगितलं. मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही त्यांना एक वाईट शब्द बोलला नाहीत. प्लग काढलेत, गेज लावलंत, आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मला दाखवलंत. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे होते, म्हणजे इंजिन धड होतं. ऑइलची पट्टी काढून दाखवलीत. "दुधाच्या चहासारखं झालं असतं तर पाणी ऑइलमध्ये मिसळलं म्हणायचं. हे काळं आहे, पण चांगलं आहे. इंजिन उघडायचं नाही." बोअरच्या क्षारानं रेडिएटरच्या नळ्या बुजल्या होत्या, आणि एक होजपाइप फुगून क्लिपेपाशी चिरला होता. रेडिएटर साफ झाला, होज, झाकण, थर्मोस्टॅट नवे बसले, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, भरलं. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. थर्मोस्टॅट इंजिन थंड असताना बंद राहतो आणि पाणी ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की उघडतो. तो काढला तर इंजिन कायम अर्धवट गरम चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ धरतं. हे तुम्ही मला तीन वेळा समजावलंत, तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे.

मग तुम्ही विचारलंत, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" मला माहीत नव्हतं. मीटर एक लाख दहा हजारांवर. तुम्ही म्हणालात, आधीच्या मालकाकडनं कागद नाही म्हणजे बदललाच नाही असं धरायचं. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगते. हा बेल्ट इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळतो. तो रबराचा, किलोमीटरनं झिजतो तसा नुसत्या वयानंही कडक होतो, आणि तुटतो तेव्हा आधी सांगून तुटत नाही. कव्हर उघडून तुम्ही त्याच्या दातांच्या मुळाशी पडलेल्या बारीक भेगा बॅटरीच्या उजेडात दाखवल्यात. बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदललात, कारण पुन्हा तेच सगळं खोलायची मजुरी मला परत पडू नये. तुमचाच एक दिवसाचा धंदा तुम्ही असा कमी केलात.

माझे वडील वडगावात मागावर साड्या विणायचे. सकाळी माग चालू करायच्या आधी ते तेलाची बुधली घेऊन एकेका सांध्यापाशी जायचे. थेंब सोडायचे, बोटानं चाचपायचे, मगच बटण. लहानपणी मला तो वेळ फुकट वाटायचा. तुम्ही गाडीखाली आडवे होऊन मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याला, म्हणजे क्रॉसला, ग्रीस मारताना शाफ्ट हातानं हलवून बघायचात ना, तेव्हा मला बाबांचं बोट आठवायचं. माग बंद पडल्यावर दुरुस्त करणारे गल्लीत पुष्कळ होते. बाबांचा माग बंदच पडायचा नाही. तेलाच्या त्या थेंबाची किंमत मला कळली ती तुमच्या गॅरेजात.

वहीची गंमत वेगळी. तुम्ही कन्नडमध्ये लिहायचात, आकडेही कन्नडच. सुरुवातीला मला त्यातलं काही लागायचं नाही. मग ऑइल, ब्रेक, नीरु म्हणजे पाणी, हवा असे शब्द ओळखू यायला लागले, आणि आज मी दुकानांच्या पाट्याही वाचते. जन्म बेळगावात गेला, पण मला कन्नड वाचायला माझ्या गाडीच्या वहीनं शिकवलं. प्रत्येक कामापुढे मीटरचा आकडा आणि तारीख. जे काम अजून लांब असेल त्याच्यापुढे "इन्नू टैम ऐती", म्हणजे अजून वेळ आहे. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काय करायचं हे कुठलाही मेस्त्री सांगेल. काय आत्ता करायचं नाही, हे तुम्ही लिहून द्यायचात.

आणि पेट्रोलचा पाइप, मामा. तो तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी नुसतं ऑइल बदलायला आले होते. पाच हजार झाले की यायचं हा आपला नेम. तुम्ही सीट उचललीत, नाक जवळ नेलंत, आणि पोऱ्याला म्हणालात, "बॅटरीची वायर काढ आधी." इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप बोटानं वाकवलात, तर त्याच्यावर सुकलेल्या मातीसारख्या चिरा. गळती दिसत नव्हती, नुसता ओलसर वास. माझी सीट, तिच्याखाली तापलेलं इंजिन, त्याच्या शेजारी तो पाइप, आणि मागे रोजचे डबे. दर रविवारी त्याच गाडीत माझी दोन्ही मुलं बसायची. तुम्ही पाइप आणि क्लिपा बदलल्यात, ऐंशी रुपयांच्या पाइपचे ऐंशीच रुपये लावलेत.

त्यानंतर दर वर्षी पावसाच्या आधी सगळे रबर बघायचे, असं वहीत चढलं. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा तुम्ही वहीतला "रबर" हा शब्द दोनदा अधोरेखित केलात. आपल्या जिल्ह्यातल्या उसाच्या मळीपासूनही इथेनॉल होतं, शेतकऱ्याला त्यातनं पैसा मिळतो, ते चांगलंच आहे. पण माझी गाडी ज्या काळातली, त्या काळातलं रबर या मिश्रणासाठी बनलेलं नाही. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग बदलावे लागू शकतात असं सरकारनंही सांगितलं. तुम्ही ते सांगून सोडलं नाहीत, नव्या पेट्रोलला चालणारा पाइप शोधून आणलात.

चोर्ला घाटाचंही एकदा सांगितलं पाहिजे. म्हापशाला बहिणीकडे लग्न होतं. मी सकाळी निघणार म्हणून आदल्या दिवशी हवा तपासायला आले, तर तुम्ही वही उघडून ब्रेक ऑइलची तारीख बघितलीत. तीन वर्षं झाली होती. "असं घाटात उतरायचं नाही." ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, घाटात ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. संध्याकाळ झाली होती, तरी जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरलंत, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढलीत. निघताना म्हणालात, ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचा, पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून उतार लागला, तेव्हा पुढे एक गाडी बाजूला उभी होती, चाकांतनं धूर येत होता. माझं पेडल शेवटच्या वळणापर्यंत टणक होतं.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. दुकानात नवा म्हणून दाखवलेला टायर चार वर्षं जुना आहे, हे मी स्वतः वाचून परत केला. घरी येताना मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

2024 मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. सगळे म्हणाले भंगारात घाल, नवी घे. नव्याचा हप्ता मला झेपणारा नव्हता. तुम्ही दोन दिवस गाडी ठेवून घेतलीत, गणपतीनंतर दर वर्षी खालून धुवायची सवय लावली होतीत म्हणून पत्रा शाबूत निघाला, दारांच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी होती. आरटीओच्या तपासणीत पास होऊन आरसी पाच वर्षांसाठी वाढली. त्या दिवशी तुम्ही पेढे घेतलेत, हे मात्र मान्य करावं लागेल. तेवढ्यासाठी तरी चहावर निभावलं नाहीत.

आता वही माझ्याकडे आहे. घरी नेऊन नीट चाळली तेव्हा कळलं तुम्ही काय केलंय ते. मीटर तेव्हा 2,27,000 वर होतं आणि तुम्ही पुढची पानं 2,50,000 पर्यंत आधीच भरून ठेवलीत. कुठल्या आकड्याला ऑइल, कुठल्या आकड्याला मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचं, म्हणजे डिफ्रन्शियलचं ऑइल, कूलंट कधी, बेल्ट पुन्हा कधी. हात थरथरत असताना किती रात्री बसून लिहिलंत, मामा? मी चूल विझवून त्या पानांपाशी बसले आणि रडले.

तुमचा तोच पोऱ्या, रिक्षातनं डबे घेऊन गेलेला, आता अनगोळात स्वतःचं गॅरेज चालवतो. मी गाडी त्याच्याकडेच नेते. वही समोर ठेवली की तो आधी तुमचं अक्षर वाचतो, मग पाना उचलतो. सकाळी गाडी चालू करायच्या आधी मी स्वतः ऑइलची पट्टी बघते, कूलंटच्या टाकीतली रेघ बघते, गाडी उभी होती तिथली जमीन बघते. आज मीटरवर 2,31,400 आहेत.

शनिवारी क्रॉसला ग्रीस आहे. ते झालं की डबे पोचवून परत येताना तुमच्या दारावरनं येईन. गाडी बंद करणार नाही, चालूच ठेवीन. तुम्ही ओट्यावर बसून आवाज ऐका, आणि काही वेगळं लागलं तर सांगा.

तुमची,
डबेवाली अक्का, शहापूर