गजाच्या वाटेवरची तीन थिंबलं

प्रिय मित्रा,

परवा तुझं पत्र मिळालं. सोबतचे फोटो पाहिले आणि तासभर दुसरं काही सुचलंच नाही. तोंडातून दारू-गोळी ठासायच्या तुझ्या रायफलीचं अष्टकोनी बॅरल लाकडात इतकं नेमकं बसवलं आहेस की कडेला कागदही शिरणार नाही. गजाची, म्हणजे गोळी ठासायच्या काठीची, खाचही सरळ आली आहे. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर अगदी शेवटी, जाता जाता विचारावं तसं लिहिलंस, "थिंबलं कुठून मागवू?"

म्हणूनच लगेच या थिंबलांबद्दल, गज बॅरलखाली धरून ठेवणाऱ्या त्या तीन छोट्या नळ्यांबद्दल, लिहायला बसलो. माझं मत आधीच सांगतो: मागवू नकोस, पत्र्यातून स्वतः कर. पुढची दोन एक वेळ विकत घेतलीस तरी चालेल. पण मागचं, जिथे गज उघड्या खाचेतून लाकडाच्या पोटात शिरतो तिथलं, तुझ्याच हातचं असू दे.

माझ्या पहिल्या ठासणीच्या रायफलीला मी तीन ओतीव पितळी थिंबलांचा तयार संच घेतला होता. दिसायला देखणा होता, कडा रेखीव होत्या. पण भोकं अडीच सुती गजाची आणि माझा गज तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हटलं, भोकं वाढवून घेऊ. दोन झाली. तिसऱ्याचं भोक ओततानाच एका अंगाला सरकलेलं होतं आणि ते बाहेरून कळत नव्हतं. रीमर फिरवला तशी एक बाजू पातळ होत गेली आणि शेवटी कानशीखाली फाटलीच. ते दुःख तरी लहान होतं. मोठं दुःख मागच्या थिंबलाचं. त्याच्या शेपटीचा, म्हणजे नळीमागे लाकडावर बसणाऱ्या जिभेचा, बाक कुठल्या तरी सडपातळ दस्त्याच्या, रायफलीच्या लाकडी अंगाच्या, मापाचा होता आणि माझा दस्ता तिथे चांगला भरलेला होता. त्या शेपटीला जुळावं म्हणून मी लाकूड तासलं. थोडं तासलं, मग आणखी थोडं. तीन महिने राखलेली ती गोलाई एका संध्याकाळी चपटी झाली. ती रायफल आजही माझ्याकडे आहे, नेमही चांगला आहे तिचा, पण हातात घेतली की अंगठा बरोबर त्या चपट्या जागी जातो. दस्त्यासाठी थिंबल करायचं असतं, थिंबलासाठी दस्ता तासायचा नसतो. हे तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून तुला इतक्या आवर्जून सांगतोय.

आणि तू जी घडण डोळ्यापुढे ठेवली आहेस, अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल, तिच्या परंपरेतही हेच बसतं. लँकेस्टरच्या आसपासच्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी कुंद्याची (खांद्याला टेकणाऱ्या टोकाची) पाटी आणि ट्रिगर गार्ड बहुधा ओतीव पितळेचे केले, पण थिंबलं मात्र बरेचदा साध्या पत्र्याची, वळवलेली. जाड-बारीक अवयव ओतायचे आणि एकसारख्या जाडीची नळी पत्र्यातून वळवायची, असा सरळ हिशेब. शिवाय ओतीव पितळेचा आणि पत्र्याचा रंग पुष्कळदा जुळत नाही. त्यामुळे निदान तिन्ही थिंबलं तरी एकाच पत्र्यातून काढ.

पत्रा सत्तर-तीसचा घे, म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. वळायला तो सगळ्यात गुणी. जाडीबद्दल मात्र घाई करू नकोस. गोल थिंबलं ठेवणार असशील तर एक मिलिमीटर पुरे. पण बॅरलला शोभतील अशी अष्टपैलू हवीत असं तू लिहिलं आहेस, आणि तिथे हिशेब बदलतो. तीन सुती गज म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. आतला व्यास दहा धरला आणि पत्रा एकचा, तर बाहेरची त्रिज्या सहा. त्या गोलावर आठ पैलू कोराला कोर भिडेपर्यंत कानसले की प्रत्येक पैलूच्या मधोमध जवळजवळ अर्धा मिलिमीटर निघून जातो. उरतो जेमतेम अर्धा. तिथे बोटाचा दाबही झेपत नाही. म्हणून सव्वा मिलिमीटरचा पत्रा घे. मग मधोमध पाऊण उरतो आणि थिंबल हाताला भरीव लागतं.

तुकडा कापायचं माप असं. नळीचा घेर धरताना पत्र्याच्या जाडीचा मध्य धरायचा, म्हणजे दहा अधिक सव्वा, सव्वाअकरा गुणिले पाय, साधारण पस्तीस मिलिमीटर. त्यात दोन्हीकडे सहा-सहा मिलिमीटर पायांसाठी वाढव. पाय म्हणजे वळवल्यावर जोडीने वर लाकडात शिरणारी पट्टी. तिच्यातूनच आडवा खिळा जातो. एकूण सत्तेचाळीस झाले, पण तू पन्नास काप, उरलेलं नंतर कानसता येतं. पाय नळीच्या पूर्ण लांबीचे ठेवू नकोस. दीड इंचाच्या थिंबलाला मधोमध पाऊण इंच पाय पुरे, दोन्ही टोकांकडचे कापून टाक. नाहीतर लाकडातली खाच थिंबलाच्या बाहेर डोकावते आणि ते उघडं भोक कायम खुपत राहतं.

वळवण्याआधी पत्रा नरम करायचा. अंधाऱ्या कोपऱ्यात तापव, कारण भर उजेडात पितळेचा लालपणा दिसत नाही आणि आपण जास्त तापवून बसतो. मंद लाली दिसली की ज्योत बाजूला. पाण्यात टाक किंवा तसाच निवू दे, पितळ पोलादासारखं पाण्याने कडक होत नाही. आता तो पत्रा हातात धरून बघ. मघाशी टणटण वाजणारा तुकडा आता बद्द वाजतो आणि बोटांच्या जोराने वाकतो. दहा मिलिमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा त्यावर ठेव, आधी अंगठ्यांनी पन्हळ कर, मग व्हाइसच्या जबड्यांत दोन्ही पाय एकमेकांकडे दाब. जबड्यांना तांब्याच्या पट्ट्या लाव, म्हणजे दातांचे व्रण उठणार नाहीत. शेवटचं वळण लाकडी हातोड्याने, हलक्या ठोक्यांनी. आवाज पुन्हा टणटणीत व्हायला लागला की थांब आणि परत नरम कर. मी एका थिंबलाला दोन-तीन वेळा तापवतो.

हे तापवणं टाळू नकोस, यामागे एक जुनी हकीकत आहे. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत. कारण पुढे १९२१ साली स्पष्ट झालं: थंड घडवलेल्या पितळेत ताण उरतो, आणि दमट हवेत अमोनिया लागला की ते त्या ताणाच्या रेषेवर फाटतं. अमोनिया यायचा घोड्यांच्या मुतातून. आता आपल्यातले कितीतरी जण नवं पितळ जुनं दिसावं म्हणून त्याला अमोनियाची वाफ देतात! ठोकून वळवलेलं, न तापवलेलं थिंबल त्या वाफेत ठेवलं तर उद्या नाही, पण वर्षा-दोन वर्षांनी वळणावर केसासारखी चीर दिसू शकते. माझं विचारशील तर वाफ देऊच नकोस. हाताळून हाताळून चढलेला रंगच खरा सुंदर दिसतो.

पायांच्या मधल्या फटीत चांदीचा डाख दे. टाकणखाराचा पाण्यात कालवलेला लेप फटीत नीट भरला की डाख आपसूक आत ओढला जातो. दारं-खिडक्या उघड्या ठेव, आणि कॅडमियम असलेला डाख घरात आणूसुद्धा नकोस. ज्योत एका जागी धरायची नाही. पितळ फार तापलं तर पांढरा धूर येतो, तो जळणाऱ्या जस्ताचा. तो छातीत जाता कामा नये.

आता मागचं थिंबल. सगळी कसोटी इथे आहे. इथे नळीच्या मागे एक शेपूट लागते. ती दस्त्याच्या पोटाखाली लाकडात सपाट बसते आणि लाकडाची उघडी कड झाकते. नळीची पातळी वर, शेपटीची खाली, कारण मधे भोकाखालच्या लाकडाची जाडी येते. एकाच पत्र्यातून ही पायरी ठोकून काढणारे कारागीर आहेत. मला ते कधी मनासारखं जमलं नाही. मी दोन तुकडे करतो. नळी बाकीच्या दोघांसारखीच. शेपूट वेगळी: आधी तुझ्या दस्त्याच्या पोटाचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून घे, तोच बाक लाकडाच्या ठोकळ्यात कोर आणि नरम पत्रा त्यावर हळूहळू बसव. शेपटीची पुढची कड वर दुमडून तिची कॉलर कर, त्या कॉलरीत नळीचं मागचं टोक अडकव आणि डाख दे. जोडाची रेघ कानसून सफाईदार केली की दोन तुकडे आहेत हे तुलाही शोधावं लागेल.

बसवतानाही मागचंच आधी. तुझं गजाचं लांब भोक कितीही काळजीने पाडलेलं असो, ड्रिल लाकडात जरासं तरी कलतंच. म्हणून आधी सरळ गज भोकात शेवटपर्यंत घाल आणि तो स्वतः कुठे विसावतो ते बघ. तीच त्याची वाट. मागचं थिंबल त्या वाटेवर बसव, आणि गज आत ठेवूनच पुढची दोन त्याच्यावर ओवून त्यांच्या जागा आख. तीन थिंबलं पट्टी लावून एका रेषेत आणली आणि गज भोकाच्या तोंडाशी अडला, असं मी पाहिलेलं आहे.

शेपूट लाकडात उतरवायला दिव्याची काजळी पुरते. पितळेच्या खालच्या अंगाला काजळी लाव, जागेवर ठेव, हलकेच ठोक, उचल. जिथे काळा ठिपका उमटला तेवढंच पटाशीने खरवडून काढ. सुरुवातीला दोन-तीनच ठिपके येतात. मग ते वाढतात, पसरतात, आणि एका क्षणी संपूर्ण तळ काळा उमटतो. तिसऱ्या रायफलीला मी इथे घाई केली आणि शेपटीच्या टोकाशी अर्धा मिलिमीटर फट राहिली. लाख भरून बुजवता आली असती, पण मी नवी शेपूट केली, एक मिलिमीटर लांब. पत्रा माझा, साचा माझा, दोन तासांत काम झालं. विकतच्या ओतीव थिंबलाला हे कसं करणार होतो?

खिळे अर्ध्या सुताचे, पोलादी तारेचे. बॅरलचा तळ आणि गजाची खाच यांच्यामधे लाकूड असतं जेमतेम एक सूत. खिळा बरोबर त्याच्या मधून जायला हवा, म्हणजे वर-खाली पाव पाव सूत उरतं, बस. वर चढला तर बॅरलला लागेल, खाली घसरला तर गजाला घासेल. म्हणून पाय उंचीला कानसताना ते बॅरलच्या तळात डोकावत नाहीत ना, तेही बघ. भोक पाडताना गज काढ, थिंबल दोऱ्याने करकचून बांध, आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाड. बॅरलच्या खिळ्यांजवळ हे खिळे येऊ देऊ नकोस, लाकूड तिथे आधीच कमकुवत झालेलं असतं. बॅरलच्या लगला, म्हणजे खिळा अडकायच्या खालच्या कानाला, लाकूड फुगण्या-आक्रसण्यासाठी लांबट भोक देतात तसं इथे लागत नाही, थिंबल फार लहान आहे.

हॉकन या अमेरिकी कारागिरांच्या घडणीच्या अर्ध्या दस्त्याच्या, म्हणजे बॅरलच्या अर्ध्यापर्यंतच लाकूड असलेल्या, रायफलीबद्दलही विचारलं होतंस. तिथे बॅरलखाली लोखंडी पट्टी असते, पुढची थिंबलं तिच्यावरच डाख देऊन किंवा रिव्हेटने पक्की करतात. ते काम सोपं आहे, तुझ्या पुढच्या रायफलीच्या वेळी सविस्तर लिहीन.

सोबत माझा दहा मिलिमीटरचा दांडा पाठवतोय. एका टोकाला मी त्याला किंचित निमुळता केला आहे, वळवलेलं थिंबल त्यावरून सहज निघतं. तू एवढंच कर: गज जिथे लाकडात शिरतो तिथल्या पोटाचा बाक पुठ्ठ्यावर कापून मला पाठव, आणि भोकाखाली लाकूड किती उरलंय ते व्हर्नियरने मोजून त्यावरच लिही. तुझ्यासाठी शेपटीचा ठोकळा मी इथे कोरायला घेतो. हिकरीच्या लाकडाचा गज अजून तासला नसशील तर थांब, आधी थिंबलं होऊ देत.

तुझाच,
जुना दोस्त