सूचना : उरलेले हॉप्स, माल्ट आणि यीस्ट नीट ठेवा

नमस्कार मंडळी,

शनिवारी सगळ्यांची घरची बिअर आंबायला लावून झाली. आता प्रत्येकाच्या घरी थोडंथोडं सामान उरलंय, ते वाया जाऊ देऊ नका.

आधी हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा नि सुवास देणारी वाळवलेली फुलं, बघा. एक औंसाचं पाकीट फोडून अर्धंच वापरलं असेल, तर उरलेलं रबरबँड लावून कपाटात ठेवू नका. हवा, ऊब आणि उजेड यांनी हॉप्सचा कडूपणा नि सुवास उतरतो. जुन्या हॉप्सना चक्क चीजसारखा वास येतो. माझं कॅस्केड जातीच्या हॉप्सचं पाकीट असंच गेलं, फार हळहळ वाटली. पिशवीतली हवा काढून, सील करून थेट फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. वर हॉप्सचं नाव, अल्फा आम्लाची (कडूपणा देणाऱ्या घटकाची) टक्केवारी आणि तारीख लिहाच, नाहीतर पुढच्या वेळी कडूपणाचा हिशेब जुळत नाही. व्हॅक्यूम सीलर माझ्याकडे आहे, कधीही घेऊन जा.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य; ते भरडलेलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत संपवा. अख्खं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या थंड जागी वर्षभर टिकतं. माल्ट पावडर (माल्टचा सुकवलेला अर्क) ओल धरून दगड होते, तिलाही हवाबंद डबाच हवा.

कोरड्या यीस्टचं फोडलेलं पाकीट नीट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. ज्यांना लगेच लागणार नाही, त्यांनी इथे कळवा. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.