ड्रोन जरा कात्रजकडेही न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खडकवासल्यातून पाणी सोडले की दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर भिडे पूल बुडाल्याचा फोटो ठरलेला. पूर्वी तो झेड पुलावर उभे राहून काढत, आता ड्रोनने काढतात. फोटो छानच असतो. पण दरवर्षी तोच पाहून पुण्याचा पूर म्हणजे मुठेचा पूर, एवढेच लोकांच्या डोक्यात बसले आहे. मुठा निदान सांगून येते. किती क्युसेक सोडले ते जाहीर होते, पोलीस भोंगा लावून फिरतात. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबील ओढ्याला दरवाजे नाहीत, त्यामुळे त्याचे क्युसेक कोण जाहीर करणार?

मी नगररचनेच्या नकाशांवर नोकरी काढलेली निवृत्त आरेखक आहे. संगणक यायच्या आधी आम्ही हवाई छायाचित्रांची जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवून काम करायचो. लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण साठ टक्के भाग सामाईक असतो. डावा फोटो डाव्या डोळ्याला आणि उजवा उजव्या डोळ्याला नीट जुळला की सपाट कागदावरून पर्वती एकदम उठून उभी राहते. या यंत्रात उंची खऱ्यापेक्षा जास्त भासते. त्यामुळे ज्या ओढ्याकडे पुलावरून जाताना नाक दाबण्यापलीकडे कोणी लक्ष देत नाही, तोही तिथे दरीसारखा खोल दिसतो. आंबील ओढा मी असा पाहिलेला आहे. त्यानंतर तो मला कधी ‘नाला’ वाटला नाही.

एक गंमत सांगते. सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशांत शनिवारवाडा आणि पेठा 47 एफ/14 या शीटवर येतात, तर कात्रजचे डोंगर 47 एफ/15 वर. साडेअठरा अंशांची अक्षांशरेषा शहरातून जाते आणि तिथे शीट संपते. ‘पुण्याचा नकाशा’ म्हणून एकच शीट भिंतीवर लावलेल्या कचेऱ्या मी पाहिल्या आहेत. पाणी येते कुठून, तो भाग त्यांच्या भिंतीवर नसतोच.

दोन्ही शीट जोडून बघा म्हणजे हे गाव कसे घडले ते कळते. जुन्या कसब्याच्या उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा. या तीन पाण्यांनी गावाची हद्द आखली होती. पेशवाईत गावाने उलटा डाव टाकला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून नळाने शहरात पाणी आणले, आंबील ओढा अडवून पर्वतीखाली तळे केले (आजची सारसबाग त्याच तळ्याच्या जागी आहे) आणि ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला. म्हणून तो आज पेठांमधून न जाता दांडेकर पुलाखालून मुठेकडे जातो. पुढे इंग्रजांनी खडकवासल्याचे धरण आणि मुठा उजवा कालवा केला. हा कालवा वरून बघावा. सरळ रेषेत जाणे त्याला जमत नाही. पर्वतीच्या पायथ्याशी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी नकाशावरची रेषा) वळते तसा तोही वळतो, आणि रस्ते, वस्त्या, प्लॉट त्याच्या वळणाने बसलेले दिसतात. डोंगराने कालवा वळवला आणि कालव्याने वस्ती.

मग 12 जुलै 1961. पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे गेले. आमच्या सासूबाई नारायण पेठेतल्या. चिखलात सापडलेले पितळी डबे त्या शेवटपर्यंत वापरत, आणि एकाचे झाकण कधीच नीट बसत नसे. पूरग्रस्तांना घरे द्यायची तर मोकळी जागा होती ती दक्षिणेला, टेकड्यांच्या बाजूला. सहकारनगर हे पूरग्रस्तांच्या सोसायट्यांमधून उभे राहिलेले. म्हणजे नदीला भिऊन आम्ही निघालो आणि थेट ओढ्याच्या मांडीवर येऊन बसलो! तेव्हा ते खपूनही गेले, कारण वरचे उतार गवताचे होते. पाऊस मुरायचा, उरलेले पाणी सावकाश खाली यायचे, आणि ओढ्याला पसरायला दोन्ही बाजूंना वावरे होती.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ते खपले नाही. कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि काही वेळातच ओढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल असा घरांत शिरला. भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. आमच्या गल्लीत सकाळी जो गाळ होता तो तांबूस मुरमाचा. नदीचा गाळ काळा असतो. तो मुरूम डोंगरावरून आला होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता मुद्द्याचे. 1:5 पेक्षा जास्त उतारावर बांधकाम करू नये, असा नियम आहे. म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटर चढ. वर सांगितलेल्या 1:50,000 च्या शीटवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या आहेत. तेव्हा दोन रेषांमधले अंतर दोन मिलिमीटरपेक्षा कमी भरले की तिथे बांधकाम नको, हे साध्या पट्टीने कळते. मी आजही पट्टी लावून बघते. पुढची युक्ती मात्र नकाशावर दिसत नाही. आधी पोकलेन लावून डोंगर कापायचा, मग सपाट झालेल्या जागेचा उतार मोजायचा. 2013 च्या जूनमध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगरफोडीच्या जागेवरून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि मायलेकी वाहून गेल्या. तेव्हा आठ दिवस फार चर्चा झाली.

विकास आराखड्याचा नकाशा सामान्य माणूस बघतो तेव्हा त्याला पिवळा, हिरवा, निळा असे रंग दिसतात. निवासी पिवळे, वगैरे. त्यात उतार कुठेच नसतो. महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांतली टेकड्यांवरची सुमारे 978 हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखीव आहे. नकाशावर ती रंगाचा एक डाग म्हणून दिसते आणि डाग पुसायला कोणाला फारसे वाईट वाटत नाही. त्याच नकाशात समोच्च रेषा आणि प्रत्येक ओढ्याचे पाणलोट क्षेत्र छापले तर लोक निदान विचारतील, की या पिवळ्या चौकोनावरचे पाणी माझ्या सोसायटीत येणार का? महापालिकेकडे ही सगळी माहिती संगणकावर आहे. एक थर चालू करायचा, एवढेच काम. हरकती-सूचना मागवायच्या असतील तर असला नकाशा समोर ठेवून मागवा.

आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या फेब्रुवारीत, सगळे कोरडे असताना, ड्रोन कात्रजच्या घाटमाथ्यापासून वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत ओढ्यावरून न्या. कुठे पात्र निम्मे झाले, कुठे सरळ करून भिंतींत कोंबले, कुठे वरचा उतार नुकता उघडा केला, हे सलग एका पानावर छापा. शेजारी उपग्रहाचे वीसेक वर्षांपूर्वीचे चित्र ठेवा; ते इंटरनेटवर फुकट मिळते. पावसाळ्यात छापून उपयोग नाही, तेव्हा सगळे भिडे पूल बघायला गेलेले असतात.

छापताना प्रमाणपट्टी आणि उत्तरेचा बाण तेवढा विसरू नका. बहुतेक वेळा विसरता.

आपली,
एक निवृत्त आरेखक, सहकारनगर, पुणे