भाचीच्या लाल केसांबद्दल, पार्लरवाल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि पार्लरचा पत्ता मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर उद्या तुमच्या दोन खुर्च्यांपुढं रांग लागेल आणि शिव्या मला बसतील. वाचणाऱ्यांनी एवढंच समजून घ्यावं, की सोलापुरात एक बाई अशी आहे, जिनं आमच्या भाचीला "तुला पाहिजे तसा रंग येणार नाही" हे आधी सांगितलं, डोळ्यांनी दाखवलं आणि मगच ब्रश हातात घेतला. त्याबद्दल हे जाहीर आभार. समोर बोलायला आलं की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का" म्हणून विषय संपवता.

पोरीची मागणी ऐकायला सोपी होती. केस लाल, लखलखीत लाल, पण ब्लीच अजिबात नको. हातात सेमी-परमनंट, म्हणजे धुण्यागणिक उतरत जाणाऱ्या रंगाची ट्यूब. तिच्यात अमोनिया नाही, पेरॉक्साइड नाही, म्हणून घरच्यांचीही हरकत नाही. माझ्यासारख्या सूतरंगाईच्या धंद्यातल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. हा रंग केसावर चढतो, केसातला मूळ काळा काढत नाही. काढण्याचं काम पेरॉक्साइडचं, आणि नेमकं तेच ट्यूबमध्ये नसतं. काळ्या सुतावर लाल रंग कितीही ओता, सूत काळंच राहणार. केसाचंही तेच.

पार्लरच्या शेडकार्डावर 1 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे सगळ्यात फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस 1 ते 3 मध्ये बसतात. मोबाइलमधल्या फोटोत दिसतो तो भडक लाल यायला खालचा केस 7-8 पर्यंत उजळलेला लागतो. 4-5 च्या तपकिरी केसावर गडद चेरी येतो, तोही छान दिसतो. 2 वर मात्र घरात काळा आणि उन्हात लाल झाक, एवढंच. ट्यूबवर छापलेला चेहरा गोरा असतो आणि त्याचे केस आधी ब्लीच केलेले असतात, हे डबीवर कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

हे काही गुपित नाही. केस रंगवून पैसे घेणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. तरी आधी जिथं गेलो तिथं कुणी सांगितलं नाही. नाव घेत नाही, पण काय केलं ते लिहितो, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे वाचतील. पोरीच्या डोक्याला आदल्या रात्रीचं खोबरेल होतं. तसंच, न धुता, वरून रंग फासला. खोबरेल केसात मुरतं आणि वर थरही धरतं, पाण्यातला क्रीम-रंग त्याच्या पलीकडं पोचत नाही. पंधरा मिनिटांत गीझरच्या कढत पाण्यानं, वर भरपूर फेसाच्या शॅम्पूनं धुऊन टाकलं. जे काही चढलं असेल तेही मोरीत गेलं. आणि मग निकाल काय, तर "तुमच्या केसालाच रंग धरत नाही, ब्लीच करून घ्या." ब्लीच करायला निघालेल्या माणसानं आधी मेंदीबद्दल विचारायला नको का? पाकिटातल्या काही मेंद्यांमध्ये धातूचे क्षार घातलेले असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो आणि तुटून हातात येतो. तिथं कुणी विचारलं नाही. तुम्ही पोर खुर्चीत टेकायच्या आत विचारलंत: मेंदी कधी लावली होती, कुठली, केस सरळ-गुळगुळीत करायचं स्मूदनिंग-केराटिन काही केलंय का.

हा दुसरा प्रश्नही उगीच नव्हता. ताज्या केराटिनचा पापुद्रा केसावर असला की रंग घसरून जातो.

मग तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे. "केस धू, तेल लावू नको, आणि विंचरल्यावर फणीत येतंय ते गुंतवळ घेऊन ये," म्हणालात. घरी सगळे हसले. गुंतवळ आणल्यावर तुम्ही ते बोटांनी सोडवलंत, काडेपेटीच्या काडीएवढी बट जुळवलीत आणि एका टोकाला शिलाईच्या पांढऱ्या सुती दोऱ्यानं आवळून गाठ मारलीत. शॅम्पूनं पुन्हा धुतलीत, वाळवलीत. प्लास्टिकच्या झाकणात चमचाभर रंग घेऊन त्यात घोळवलीत, पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून पाऊण तास ठेवलीत. धुतल्यावर ड्रायरनं पूर्ण कोरडी केलीत, कारण ओला केस कोरड्यापेक्षा गडद दिसतो आणि ओल्यावर शेड ठरवली की हमखास फसगत. आधी ट्यूबलाइटखाली धरलीत, मग पोरीला दारात नेऊन उन्हात. दोरा फिक्कट गुलाबी झाला होता. केस आत काळा, बाहेर लालसर.

"बग पोरी," तुम्ही म्हणालात, "ह्याच्यापेक्षा जास्त लाल ह्या ट्यूबनं येत न्हाई. घरी ने, आईला दाखव, रात्रीच्या लाइटात बग. आवडलं तर ये." पैसे विचारले तर हात झटकलात.

आमच्या रंगाईत याला लॅब डिप म्हणतात. थोड्याशा सुतावर शेड काढायची, गिऱ्हाइकाला दाखवायची, त्यानं होकार दिल्याशिवाय मोठा माल रंगात घालायचा नाही. टनभर सुतासाठी हे सगळे करतात, कारण तिथं नुकसान स्वतःचं असतं. एका कॉलेजच्या पोरीच्या डोक्यासाठी, तेही फुकट, करणारी तुम्हीच भेटलात. फणीतलं गुंतवळ वापरल्यामुळं डोक्यावरची बट कापावीही लागली नाही, हा बारकावा मला फार आवडला.

त्याच बैठकीत कानामागं रुपयाएवढा रंग लावून 48 तास थांबायला सांगितलंत. खाज, लाली, पुरळ काही आलं तर ट्यूब फेकून द्यायची. बाकीचे रस्तेही मोकळेपणानं सांगितलेत. 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडचा परमनंट लाल लावला तर केस एक-दोन पायऱ्या उजळतो आणि त्यावर हीच ट्यूब जास्त खुलते, पण ते उजळणं कायमचं, मुळं वाढली की दुरंगी दिसणार. नाहीतर आतल्या थराच्या चारच बटा ब्लीच करायच्या, वरचे केस सोडले की त्या झाकल्या जातात. एका दिवसाच्या कार्यक्रमापुरतं हवं असेल तर रंगीत वॅक्स आहे. त्यातला रंग अपारदर्शक असल्यानं काळ्यावरही लाल दिसतो, मात्र कॉलर खराब करतो. कुठला रस्ता महाग आणि तुमच्या फायद्याचा, हे कळत असून तुम्ही त्याकडं ढकललं नाहीत. पोरीनं गुंतवळाचाच रंग निवडला.

रंगाच्या दिवसाचं सगळं लिहीत बसत नाही, पण दोन-तीन गोष्टी अशा बघितल्या की लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिली, पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, म्हणून निम्मं गाव बोअरवर, आणि बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार केसावर बसतो, रंग नीट धरू देत नाही. तुम्ही केसावर साचलेला थर काढणाऱ्या क्लॅरिफाइंग शॅम्पूनं दोनदा धुतलंत, कंडिशनर लावला नाहीत आणि शेवटचे दोन मग पिण्याच्या जारमधलं पाणी वापरलंत. जारचं पाणी केस धुवायला! पण हिशेब बरोबर होता.

दुसरी, प्रमाण. केस पाठीच्या मध्यापर्यंत, दाट, तर 200 मिली तरी लागणार हे आधीच सांगितलंत. खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ते 150 पुरतो. काटकसर म्हणून रंगात कंडिशनर मिसळायची युक्ती ब्लीच केलेल्या केसावर फिका गुलाबी काढायला ठीक, काळ्या केसावर ती म्हणजे पैसे पाण्यात. केस पूर्ण वाळवून, बोटभर रुंदीचे पातळ थर घेऊन, प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी माखलात. कपाळाच्या कडेला आणि कानांना आधी व्हॅसलीन. मुळांपासून मधल्या भागापर्यंत पहिल्यांदा, टोकं शेवटी. याचं कारण मला माझ्या धंद्यामुळं कळलं. अशा ट्यूबमध्ये बेसिक रेड 51 सारखे धन भाराचे रंग असतात, केसाचा पृष्ठभाग ऋण भाराचा, म्हणून ते चिकटतात. उन्हानं, फणीनं झिजलेल्या टोकांवर ऋण भार जास्त, ती रंग जास्त ओढतात. एकदमच लावला तर टोकं भडक आणि मुळं काळी राहतात. तुम्हाला भारबिर कुणी शिकवला नसेल, हाताला कळलंय.

तिसरी, वेळ. टोपी घालून पूर्ण एक तास. पेरॉक्साइड नसल्यानं जास्त वेळ ठेवून केस जळत नाहीत, पण तासानंतर फार काही चढतही नाही. "रात्रभर ठेवू का?" या प्रश्नावर तुमचं उत्तर होतं, "ठेव की, उशी रंगंल." मग गार पाण्यानं, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. त्या दिवशी शॅम्पू नाही.

घरी जाताना सांगितलेलं सगळं पोरीनं पाळलं. आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा धुणं, तेही गार पाण्यानं, सल्फेट नसलेल्या शॅम्पूनं. न उजळलेल्या केसाची वरची खवलं घट्ट मिटलेली असतात, रंग आत फारसा जात नाही, म्हणून काही धुण्यांतच तो उतरू लागतो. ते रंगाचं अपयश नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, त्यामुळं नंतर घरात रडारड झाली नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42-43 ला गेला की घामानं लाल ओघळ मानेवर येतात, तर गाडीवर बांधायचा स्कार्फ काळा किंवा मरून घे, पांढरा नको. हे कुठल्याच ट्यूबच्या कागदावर छापलेलं नसतं.

आणि उरलेला रंग. अर्धी ट्यूब राहिली होती. पार्लरमध्ये उरलेला माल पार्लरचा, असाच रिवाज सगळीकडं बघितलाय. तुम्ही झाकण घट्ट लावून ती पोरीच्या हातात दिलीत. चार चमचे पांढऱ्या कंडिशनरमध्ये एक चमचा रंग, पंधरा दिवसांनी, धुतलेल्या केसावर वीस मिनिटं. आधीच चढलेल्या रंगाला उजाळा द्यायला तेवढं पुरतं. म्हणजे पुढच्या वेळी तिला तुमच्याकडं यायची गरजच पडू नये, याची सोय तुम्हीच करून दिलीत. अशानं धंदा कसा चालतो, असं मी विचारणार होतो. पण आपल्या गावात "पहिली धुलाई वेगळी करा, रंग जातो" असं आपणहून सांगणारे चादरवाले आहेत आणि त्यांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या तीच गिऱ्हाइकं दिसतात. शेंगाचटणी ताजी नसेल तर "आज नको, उद्या या" म्हणणारा दुकानदारही इथंच भेटतो. अशी माणसं कमी झालीत असं जो तो म्हणतो. मला वाटतं, ती जाहिरात करत नाहीत म्हणून दिसत नाहीत. उलट "ब्लीचशिवाय काळ्या केसावर भडक लाल, गॅरंटी" असे फलक लावणारे लगेच दिसतात. गॅरंटी देणाऱ्याला एवढंच विचारा: माझ्या गुंतवळावर आधी काढून दाखवता का?

पोरीच्या केसात आता घरात फारसं काही दिसत नाही. दुपारी गच्चीत वाळवण घालायला गेली की शेजारच्या काकू विचारतात, "काय गं, केस लाल दिसायलेत." ती खूश आहे, कारण तिला जेवढं सांगितलं होतं तेवढंच मिळालं. तिच्या आईलाही आता हौस आलीय. तिच्या कानशिलाजवळ बरेच पांढरे आहेत आणि पांढऱ्या केसात काळा नसल्यानं तिथं हाच लाल भडक उठेल, असं मी तिला बजावलंय. ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन येतो.

तुमचा,
भाचीचा मामा
सोलापूर

ता. क. उशीचा अभ्रा सुती होता, दोन धुण्यांत डाग बराचसा गेला. हा रंग सुताला नीट धरत नाही. ॲक्रिलिकला मात्र धरतो, कारण ॲक्रिलिक याच जातीच्या रंगांनी रंगवतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत ओल्या केसांवर ॲक्रिलिकची टोपी किंवा शाल घेऊ नका, असं तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही सांगा.